अगं, ही चाल कुठंतरी ऐकलीय!

अंताक्षरीत एक गंमत नेहमी होते. कुणीतरी एक गाणं सुरू करतं आणि दुसऱ्या ओळीला पोचेपर्यंत भलत्याच गाण्यात शिरतं. सगळे हसतात, 'अगं, हे ते नव्हे!' म्हणतात. पण तिचं तसं फारसं चुकलेलं नसतं. दोन्ही गाण्यांची वाट थोडा वेळ एकच होती. फाट्यावर ती दुसरीकडे वळली, एवढंच! तुम्हीसुद्धा कणीक मळता मळता रेडिओवर एखादं नवं गाणं लागलं की म्हणत असालच, 'ही चाल कुठंतरी ऐकलीय.' आणि मग घरातलं कुणीतरी पेपरातून डोकं वर न काढताच निकाल देऊन टाकतं, 'चोरलीय, दुसरं काय!'

हा 'चोरलीय' शब्द मोठा जड आहे बरं का, मैत्रिणींनो. आज तोच जरा पारखून बघू या. आणि त्यासाठी जाऊ या थेट जपानला.

जपानच का? एक कारण घरातलंच आहे. हल्ली कॉलेजात जाणाऱ्या मुली मोबाइलवर जुनी जपानी गाणी ऐकताना दिसतात. ताकेउची मारियाचं १९८४ सालचं 'प्लास्टिक लव्ह' हे गाणं तीसेक वर्षांनी इंटरनेटवरून जगभर पसरलं, आणि त्याचं बोट धरून ही मुलं मागं मागं जात पार पन्नास-साठ सालातल्या गाण्यांपर्यंत पोचली. (जपानात आडनाव आधी सांगतात, म्हणून ताकेउची हे आडनाव. पुढचीही सगळी नावं तशीच वाचा.) ती गाणी आपल्याही कानांवर पडतात. शब्द तर एक कळत नाही, मग कान चालीकडेच लागतो. चार गाणी झाली की आपण विचारतो, 'हे मघाचंच ना गं?' आणि मुलगी वैतागून सांगते, 'नाही गं आई, हे वेगळं आहे!'

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. गाण्यांच्या या सारखेपणापायी जपानात सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले गेले आहेत. आणि शेजारच्या कोरियात एका गायिकेचं सगळ्यांत गाजलेलं गाणं या सारखेपणापायीच वीस वर्षांहून जास्त काळ बंद राहिलं.

पण त्याआधी तुमची पेटी काढा. पेटी नसेल तर मुलांचा की-बोर्डही चालेल. काळी तीनला सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्यांवरून वर चढा. काळी तीन, चार, पाच, मग वरच्या सप्तकातली काळी एक, काळी दोन, आणि पुन्हा काळी तीन. पांढरीला बोटही लावायचं नाही. काय ऐकू आलं? सा रे ग प ध सां. गाण्याच्या क्लासला चार महिने जरी गेला असाल तरी ओळखाल, हा तर आपला भूप! मध्यम आणि निषाद वर्ज्य.

जपानी माणूस याच मांडणीला 'योनानुकी' म्हणतो. 'यो' म्हणजे चार, 'ना' म्हणजे सात आणि 'नुकी' म्हणजे वगळलेलं. सरगमातला चौथा आणि सातवा सूर काढून टाकलेली ती योनानुकी. आपण म आणि नी वर्ज्य म्हणतो, ते चौथा-सातवा वर्ज्य म्हणतात. गोष्ट तीच.

आता जपानच्या गाण्यांत हे पाच सूर इतके का? त्याची मुळं शाळेत आहेत. १८६८ साली तिथं मेइजी राजवट सुरू झाली आणि देशानं पाश्चात्त्य विद्या झपाट्यानं उचलायला सुरुवात केली. इसावा शूजी नावाचे शिक्षणतज्ज्ञ १८७५ साली अमेरिकेत शिकायला गेले. तिथं ल्यूथर मेसन या संगीतशिक्षकाशी त्यांची गाठ पडली आणि १८८० साली मेसनसाहेब जपानला आले. या दोघांच्या खटपटीतून १८८१ ते १८८४ या काळात शाळेच्या मुलांसाठी गाण्यांची पुस्तकं निघाली. अडचण एकच होती. पाश्चात्त्य सप्तकातला चौथा आणि सातवा सूर जपानी मुलांच्या गळ्यात नीट बसेना. मग या सुरांवाचून चालणाऱ्या परदेशी चाली शोधल्या गेल्या, आणि त्या सापडल्या स्कॉटलंडच्या लोकगीतांत.

'ऑल्ड लँग साइन' ही त्यांपैकीच एक. तिच्यावर जपानी शब्द चढले आणि 'होतारु नो हिकारी', म्हणजे काजव्यांचा उजेड, हे गाणं तयार झालं. तेलाला पैसे नाहीत म्हणून काजव्यांच्या उजेडात वाचणाऱ्या विद्यार्थ्याची जुनी चिनी कथा त्यात आहे. आपल्याकडे रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठं झालेल्यांच्या गोष्टी सांगतात ना, तशीच. शाळेच्या निरोपसमारंभात पिढ्यान् पिढ्या हे गाणं म्हटलं गेलं. आणि तिथल्या दुकानांत बंद व्हायची वेळ झाली की गिऱ्हाइकांना सुचवायला हीच धून तीनच्या लयीत वाजते. 'बाई, आता निघा' असं तोंडानं सांगायला नको! रवींद्रनाथ ठाकुरांनीही याच धुनेवर बंगाली गीत बांधलंय. एक स्कॉटिश चाल आणि आशियातल्या दोन देशांना ती आपल्याच घरची वाटते.

तर सांगायचा मुद्दा असा, की पुढं ज्यांनी सिनेमासाठी, तबकड्यांसाठी चाली बांधल्या, ते संगीतकार याच शाळांतून शिकून बाहेर पडले होते. ऐकणारेही तिथलेच. पाचच सूर दोघांच्या कानात मुरलेले. पाच सुरांत हजारो गाणी बांधायची म्हटल्यावर ती एकमेकींना धडकणार नाहीत तर काय?

भूपासारखी ही मांडणी आनंदाची. दुःखाची वेगळी आहे. तीही वाजवून बघा. आता पांढरी सहाला सा धरा. पांढरी सहा, सात, मग वरच्या सप्तकातली पांढरी एक, तीन आणि चार. सा रे, कोमल ग, प, कोमल ध. आपल्या शिवरंजनीचा धैवत कोमल केला की हेच सूर मिळतात. 'मेरा नाम जोकर'मधलं मुकेशचं ते विरहाचं गाणं आठवा, ते शिवरंजनीतलं. त्याच्या जवळपासचीच ही हुरहूर.

नाकायामा शिंपेई या संगीतकारानं १९२१ साली नावाड्याचं एक गाणं, 'सेंदो कोउता', याच दुःखी सुरांत बांधलं आणि ते देशभर झालं. त्यानंतर या सुरांचा जणू पूरच आला. १९३१ साली कोगा मासाओ यांनी एक गाणं दिलं. दारूचा पेला हाच अश्रू आणि हाच उसासा, असा त्याचा भाव. कोगांची तऱ्हा इतकी ठळक होती की लोक 'कोगा मेलडी' असंच म्हणू लागले. खरं सांगायचं तर त्यांची दोन गाणी पाठोपाठ ऐकली की दुसरं पहिल्याचीच धाकटी बहीण वाटते. पण आपण आपल्या आवडत्या संगीतकाराला त्यावरून बोल लावतो का? उलट दोन सूर कानांवर पडताच 'ही बाबूजींची चाल' म्हणून खूश होतो. स्वतःची लकब स्वतःच पुन्हा वापरली तर ती चोरी कशी होईल!

कोगांचंच 'कानाशीइ साके' हे गाणं १९६६ साली मिसोरा हिबारीनं गायलं. ही हिबारी म्हणजे जपानचं दैवतच म्हणा ना. १९३७ साली योकोहामातल्या एका मासळीवाल्याच्या घरात जन्मली, अगदी लहान वयात रंगमंचावर उभी राहिली आणि १९८९ साली बावन्नाव्या वर्षी गेली, तेव्हा सगळा देश हळहळला. त्याच वर्षी सरकारनं तिला मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला, आणि तो मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. 'कानाशीइ साके' गाताना तिच्या गालांवरून खरेखुरे अश्रू ओघळत. त्या गाण्याचे सूर इतर पन्नास गाण्यांसारखेच असतील, पण ती गायला लागली की कुणाला ते मोजायचं सुचत नसे.

इथं आपल्या संगीताची एक गोष्ट फार कामाला येते. भूप आणि देशकार हे दोन राग तुम्हाला ठाऊक असतील. दोघांचे सूर अगदी तेच, सा रे ग प ध. तरी भूप गायचा रात्रीच्या पहिल्या प्रहरी आणि देशकार सकाळी. भूपात गंधाराला मान, देशकारात धैवताला. एक खालच्या अंगानं रमतो, दुसरा वरच्या. 'भाभी की चूडियां' या सिनेमात सुधीर फडक्यांनी लताबाईंकडून गाऊन घेतलेलं पहाटेचं गाणं भूप म्हणायचं की देशकार, यावर जाणकार अजून वाद घालतात. म्हणजे बघा, नुसते सूर सारखे असले तर आपण त्याला एक राग म्हणायलाही तयार नाही, मग एक गाणं म्हणणं दूरच! बेसन तेच असतं, पण पिठलं पिठलं असतं आणि झुणका झुणका.

म्हणून दोन जपानी गाणी सारखी वाटली तर आधी विचारायचं, सारखं काय आहे? नुसतं पीठ, की सगळा पदार्थच? साकामोतो क्यूचं १९६१ सालचं 'उए ओ मुइते आरुको' घ्या. १९६३ साली ते 'सुकियाकी' या नावानं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. (सुकियाकी हे मांसाच्या एका पदार्थाचं नाव, गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. आपल्या एखाद्या विरहगीताला परदेशात 'मिसळ' म्हणावं, तसलाच प्रकार.) आणि सेन मासाओचं १९७७ सालचं 'कितागुनी नो हारु', म्हणजे उत्तरेकडचा वसंत, घ्या. पहिल्याचा मुखडा बराचसा याच पाच सुरांचा, दुसरं तर याच सुरांवर उभं. पण एक चालतं शीळ घालत, अश्रू सांडू नयेत म्हणून मान वर करून; आणि दुसऱ्याला गावाकडच्या घराची ओढ लागलेली. एकदा ऐकलंत तर दोघांत गल्लत होणार नाही.

हे सगळं पेटीपाशी बसून बोलायला सोपं. सत्तेच्या हातात हाच प्रश्न गेला की काय होतं, ते कोरियात दिसलं.

१९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षं कोरियावर जपानचं राज्य होतं. त्या काळात तबकड्यांचा धंदा जपानी कंपन्यांच्या हातात. शाळेत शिकवायची गाणीही त्यांचीच. साहजिकच कोरियातल्या लोकप्रिय गाण्यांतही ते पाच सूर उतरले. ली नान-यंग या गायिकेचं १९३५ सालचं 'मोक्पोचे अश्रू' हे गाणं त्याच वळणाचं, तरी कोरियन लोकांनी ते आपल्या गुलामीचं दुःख म्हणून उराशी धरलं. गंमत म्हणजे 'जपानी वळण, जपानी वळण' म्हणतात त्या कोगा मासाओंचं बालपण कोरियातच गेलं होतं. तेव्हा कुणी कुणाकडून काय घेतलं याचा हिशेब एवढा सोपा नाही, आणि तिथले अभ्यासक त्यावर अजून भांडतात.

पुढं कोरिया स्वतंत्र झाला. १९६४ साली ली मी-जा या तरुण गायिकेचं 'दोंगबेक आगास्सी' हे सिनेमागीत आलं. दोंगबेक म्हणजे कॅमेलियाचं लाल फूल, आगास्सी म्हणजे मुलगी. वाट बघून बघून थकलेल्या मुलीचं हे गाणं घराघरांत, चहाच्या दुकानांत, बाजारात वाजू लागलं. तबकड्या हातोहात खपल्या. आणि मग साठच्या दशकाच्या मध्याला सरकारनं त्याच्यावर बंदी घातली. कारण? चाल जपानी वळणाची आहे! शब्द कोरियन, संगीतकार कोरियन, गाणारी कोरियन. कुठल्या एका जपानी गाण्यावरून ते उचललं असा आरोपही नव्हता. गुन्हा त्या पाच सुरांचा आणि त्यांच्या वळणाचा. नुकत्याच गेलेल्या परक्या राज्याच्या जखमा ताज्या होत्या, हे मान्य. पण त्या जखमांचं बिल फाडलं गेलं एका बाईच्या गाण्यावर. रेडिओवर बंदी असली तरी बायका घरात ते गुणगुणतच राहिल्या. बंदी उठली १९८७ साली. तेव्हाच्या तरण्या श्रोत्या आता सुनांच्या सासवा झाल्या होत्या.

आणि हो, ज्या काळात हे गाणं बंद होतं आणि जपानी गाण्यांना तर कोरियात दारच बंद होतं, त्याच काळात इशिदा आयुमीचं १९६८ सालचं 'ब्लू लाइट योकोहामा' तिथल्या कित्येकांना तोंडपाठ होतं. हुकूम काढून चाली थोड्याच थांबतात!

आता उघडउघड घेतलेल्या चालींचं थोडं बोलू. जुन्या मराठी संगीत नाटकांची छापील पुस्तकं कुणाच्या माळ्यावर असतील तर काढून बघा. पदाच्या वर चक्क लिहिलेलं असतं, 'चाल : अमुक अमुक'. घेतलं तर घेतलं, त्यात लपवाछपवी नाही. गणपतीच्या मेळ्यांतली पदंही सिनेमाच्या चालींवर असायची आणि ऐकणारे खुशाल ठेका धरायचे. जपानी गाणीही अशीच राजरोस परदेशी गेली. 'द पीनट्स' या जुळ्या बहिणींचं १९६३ सालचं 'कोइ नो बाकान्सु' रशियन शब्द लेवून सोव्हिएत रशियात एवढं रुळलं, की कित्येकांना ते आपलंच वाटायचं. 'कितागुनी नो हारु'ची चाल तैवानच्या तेरेसा तेंगनं चिनी शब्दांत गायली. मुलगी सासरी गेली, नाव बदललं, पण माहेर कुठलं ते सगळ्यांना ठाऊक, असा हा व्यवहार.

भांडण होतं ते माहेर लपवलं तर. किंवा लपवलंय असा संशय आला तर.

यातला पहिला मोठा खटला 'वन रेनी नाइट इन टोकियो' या गाण्याचा. नाव इंग्रजी असलं तरी गाणं जपानी, साठच्या दशकातलं, सुझुकी मिचिआकी यांचं. हॅरी वॉरन या अमेरिकन संगीतकारानं १९३०च्या दशकात सिनेमासाठी बांधलेल्या 'बुलेव्हार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स' या गाण्यावरून ते घेतलंय, असा हक्कदार कंपनीचा दावा होता. प्रकरण चालत चालत सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ७ सप्टेंबर १९७८ रोजी निकाल लागला. न्यायालयानं सांगितलं, आधीचं गाणं ज्याला माहीतच नाही, त्यानं स्वतःच्या डोक्यानं तसंच काही बांधलं तर ती नक्कल होत नाही. नक्कल म्हणायला आधी मूळ समोर असावं लागतं. ते अमेरिकन गाणं गाण्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असावं इतकं जपानात प्रसिद्ध नव्हतं, आणि सारखे वाटणारे तुकडेही नेहमीच्या वापरातले होते. सुझुकी सुटले. साधी गोष्ट आहे. कोल्हापुरातली एक बाई आणि नागपुरातली दुसरी, दोघींनी उरलेल्या पोळीचा सारखाच पदार्थ शोधून काढला तर कुणी कुणाची पाककृती चोरली म्हणणार?

दुसरा खटला मात्र वेगळ्या वळणाचा निघाला, आणि तो दोन थोर माणसांमधला होता.

एका बाजूला कोबायाशी आसेई. त्यांची एक ओळख करून देते म्हणजे माणूस कळेल. उत्तरेकडच्या एका उतारगृहात बसून, सोडून गेलेल्या माणसासाठी स्वेटर विणणाऱ्या बाईचं १९७५ सालचं गाणं त्यांचं. मियाको हारुमीनं ते गायलं आणि १९७६ साली त्याला जपानचं रेकॉर्डसाठीचं सर्वांत मोठं पारितोषिक मिळालं. तो घालणार नाही हे ठाऊक असताना विणत बसायचं! मला विचाराल तर तेवढ्या लोकरीत घरातल्या दोन पोरांची जाकिटं झाली असती. पण चाल अशी, की सुया हातात नसतानाही बोटं हलतात. असो. या कोबायाशींनी १९६६ साली ब्रिजस्टोन टायरच्या जाहिरातीसाठी 'दोको मादे मो इको', म्हणजे 'जाऊ या कुठवरही', असं एक छोटंसं गाणं केलं होतं. जाहिरात संपली तरी गाणं उरलं. शाळेच्या पुस्तकांत गेलं, सहलीला निघालेल्या मुलांच्या तोंडी बसलं.

दुसऱ्या बाजूला हात्तोरी कात्सुहिसा. युद्धानंतरच्या पडक्या टोकियोला 'टोकियो बूगी-वूगी'च्या तालावर नाचवणाऱ्या हात्तोरी र्‍योइची यांचे हे चिरंजीव, आणि स्वतःही नामवंत संगीतकार. १९९२ साली मुलांच्या एका दूरदर्शन कार्यक्रमासाठी त्यांनी 'किनेनजु' हे गाणं बांधलं. किनेनजु म्हणजे आठवणीसाठी लावलेलं झाड. गाणं लोकांना आवडलं. पण कोबायाशी ऐकतात तर काय, ही तर आपलीच चाल!

१९९८ साली ते न्यायालयात गेले. हात्तोरींचं म्हणणं, मी स्वतंत्रपणे बांधलंय. २००० साली टोकियोच्या जिल्हा न्यायालयानं कोबायाशींचा दावा फेटाळला. एक गाणं पावलं टाकत चालणारं, दुसरं संथ आणि हळवं. मागची सुरावट, जिला ते लोक हार्मनी म्हणतात, तीही वेगळी. एकूण बघता गाणी वेगळी, असं ठरलं.

कोबायाशी वरच्या न्यायालयात गेले आणि तिथं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. न्यायाधीशांनी दोन्ही चाली शेजारी शेजारी मांडून सूर न् सूर तपासला. भाजीवालीच्या हिशेबासारखा! १२८ सुरांपैकी ९२ सूर जागच्या जागी तेच निघाले, म्हणजे शेकडा ७२. बहुतेक ओळींची सुरुवातही तीच आणि शेवटचा थांबाही तोच. मागची सजावट कितीही वेगळी असली तरी ऐकणाऱ्याच्या मनात राहते ती चाल, आणि चालीचा सांगाडा इथं एकच आहे, असं न्यायालय म्हणालं. मग आधीच्या खटल्यातला तो प्रश्न पुन्हा आला, मूळ गाणं यांना माहीत होतं का? त्यावर उत्तर असं, की जे गाणं शाळेतल्या पोरांना येतं, ते एवढ्या मोठ्या संगीतकाराच्या कानांवर पडलंच नसेल हे पटत नाही. ६ सप्टेंबर २००२ रोजी निकाल कोबायाशींच्या बाजूनं लागला. भरपाईचा हुकूम झाला. मार्च २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हात्तोरींचं अपील फेटाळलं आणि मग 'किनेनजु' वापरायला परवानगी देणंच थांबलं.

ज्या मुलांनी ते गाणं प्रेमानं पाठ केलं होतं, त्यांचं यात काय चुकलं, असं मनात येतंच. हात्तोरींनी मुद्दाम केलं असेल असंही मला वाटत नाही. लहानपणची, किंवा वर्षानुवर्षं कानांवर पडलेली चाल कधी आपली होऊन बाहेर येते ते गाणाऱ्यालाही कळत नाही. पण कोबायाशींच्या जागी बसून बघा. आपल्या हातचं काही दुसऱ्याच्या नावावर मिरवताना बघून गप्प बसवेल का? आज दोघेही नाहीत. हात्तोरी २०२० साली गेले, कोबायाशी २०२१ साली.

एक प्रकरण मात्र कधीच कोर्टात गेलं नाही. ते आहे 'आका तोंबो'चं, म्हणजे लाल चतुराचं. चतुर म्हणजे पावसाळ्यानंतर अंगणात भिरभिरतो तोच. मिकी रोफू या कवीची १९२१ सालची ही कविता, आणि १९२७ साली यामादा कोसाकु यांनी तिला चाल लावली. रोफूचे आईवडील तो लहान असतानाच वेगळे झाले आणि आई निघून गेली. कवितेत आठवण आहे ती सांभाळणाऱ्या मुलीची. तिच्या पाठीवर बसून संध्याकाळच्या लाल उजेडात चतुर पाहिलेला. मग पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं, ती गेली आणि गावाकडून येणारी पत्रंही थांबली. आपल्या आज्यांच्या पिढीला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

चाल पूर्ण भूपाच्या सुरांची. पण पुढं काही संगीतप्रेमींच्या लक्षात आलं, की शुमान या जर्मन संगीतकाराच्या पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या एका रचनेत असाच तुकडा येतो, आणि तोही पुन्हा पुन्हा. यामादा तर तरुणपणी बर्लिनला शिकत होते. झालं, चर्चा सुरू! ऐकलं असेल, विसरले असतील, मग बोटांतून उतरलं असेल. किंवा नसेलही, कारण पाच सुरांत चढून उतरणारी ती वाट कुणालाही सापडू शकते. शुमानच्या रचनेत तो तुकडा येतो आणि पुढच्या झंकारात मिसळून जातो. जपानात तेवढ्याच सुरांवर अख्खी कविता उभी राहिली.

तिकडे पुष्कळ गावांत दिवस कलायला लागला की रस्त्यावरच्या कर्ण्यांवरून एखादी ओळखीची धून लावायची पद्धत आहे, खेळणाऱ्या पोरांनी आता घरी परतावं म्हणून. काही गावांत ती 'आका तोंबो'ची असते.